पक्षाचा रकाना

दातार सर जाऊन आता आठ महिने होतील. मला अजून रडू आलेलं नाही. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते, कारण तसं म्हणायची पद्धत आहे. पण आत चाचपून पाहिलं तर हाताला काही लागत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ आपल्याला कळत नाही, तसं काहीतरी झालं आहे. तेव्हा रडण्याची वाट बघत बसण्यापेक्षा लिहून काढावं म्हटलं. सरांना ते पटलं असतं. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणत.

आयर्लंडमध्ये ड्रोहेडाच्या बाहेर औषधांचा कारखाना आहे. तिथे अकरा वर्षं आम्ही एका खोलीत समोरासमोर बसलो. काम कागद तपासण्याचं. गोळ्यांची प्रत्येक खेप कुणी बनवली, कशी बनवली, कुठल्या यंत्रावर, याची जाडजूड फाइल आमच्याकडे येते. ती ओळ न् ओळ वाचायची. आमची सही झाल्याशिवाय एक गोळी दाराबाहेर जात नाही. या फायलींत चूक दुरुस्त करायची रीत एकच आहे. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, वर पांढरा रंग फासायचा नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी आपली आद्याक्षरं, तारीख आणि कारण. कारण बहुतेक वेळा एकच असतं, 'एन्ट्री एरर', म्हणजे लिहिताना झालेली चूक. त्याचं आम्ही नुसतं 'ई ई' लिहितो.

हे आम्ही सगळेच करतो, पण कारखान्यात. दातार सरांनी ही रीत घरी नेली होती. किराण्याच्या यादीत मसूर लिहून मग मूग हवेत असं वाटलं, तर मसुरावर एक रेघ, एस डी, म्हणजे श्रीकांत दातार, आणि तारीख. एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरत्यांची पानं छापून आली, त्यात एक काना राहिला होता. सरांनी चाळीसच्या चाळीस पानांवर तो हाताने घातला आणि प्रत्येक पानावर सही केली. माझ्या मुलीला वाढदिवसाचं कार्ड दिलं त्यात 'सातव्या' लिहिलं गेलं होतं. त्यावर रेघ, वर 'आठव्या', बाजूला एस डी, ई ई. पोरगी इथल्या मुलांसारखी आईला मॅम म्हणते; दोन दिवस मला विचारत होती, "मॅम, हू इज ई ई?"

दिसायला सर चारचौघांसारखेच होते. बुटके, बिनबाह्यांचा स्वेटर बारा महिने अंगात, डबा कायम कँटीनच्या प्रेसमध्ये खालच्या फळीवर. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. सर मराठी बोलतानाही प्रेसच म्हणायचे आणि पुण्याच्या फोनवर लोकांना कोड्यात टाकायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी तपासलेली फाइल सतरा शेरे मारून परत केली होती. मी दुपारभर तोंड पाडून बसले. घरी निघताना टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुझ्यावर नाही काढले शेरे. कागदावर काढलेत. कागद रागावत नाही, तूही रागावू नकोस." मी रागावले होतेच, अजूनही थोडी आहे.

अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसशी, म्हणजे १७८९ सालच्या तिथल्या संसदेशी, त्यांचा संबंध आला तो अर्ध्या मार्कामुळे. आमचे मालक अमेरिकन, त्यामुळे जुलैत कँटीनमध्ये अमेरिकेवर प्रश्नमंजूषा असते. आमचा सुपरवायझर डेक्लन प्रश्न विचारत होता. पहिल्या काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात सभासद किती? सर उठून म्हणाले, "एकोणसाठ." डेक्लनच्या कागदावर पासष्ट होते.

"दोन राज्यं सुरुवातीला आलीच नव्हती," सर म्हणाले. "त्यांचे सहा धरून पासष्ट. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तू दिवस कुठला ते सांगितलेलं नाहीस."

"शुअर इट्स ग्रँड, श्रीकांत," डेक्लन म्हणाला, म्हणजे जाऊ दे, चालतंय. "हाफ अ पॉइंट."

त्यांचे वडील साताऱ्याला नागरिकशास्त्र शिकवायचे. जगातल्या सगळ्या विधिमंडळांचे आकडे त्यांनी मुलाकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. तो मुलगा छपन्नाव्या वर्षी अर्ध्या मार्कावर खाली बसला आणि घरी जाऊन त्याने एक लांबरुंद वही आखली. त्या काँग्रेसमध्ये जो जो बसला त्याची नोंद. नाव, राज्य, हजर झाल्याचा दिवस, गेल्याचा दिवस, गेल्याचं कारण, आणि शेवटचा रकाना पक्षाचा. सगळं मराठीत. पुढची सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत मी ती वही ऐकली. ठरलेल्या दिवशी सभेला तेराच प्रतिनिधी आले होते, आणि पुरेशी माणसं जमेपर्यंत जवळजवळ महिना वाट बघावी लागली, हे त्यांना फार आवडायचं. न्यूयॉर्कचे दोन सिनेटर तर जुलैत उगवले, कारण कुणाला पाठवायचं यावरच तिथे एकमत होईना. व्हर्जिनियाचा एक सिनेटर मुदतीतच वारला, ती जागा एकदा भरली, मग पुन्हा भरली. आयर्लंडात जन्मलेली माणसंही त्यात होती. ते कळल्यावर डेक्लनने उरलेला अर्धा मार्क जाहीरपणे देऊन टाकला.

पक्षाचा रकाना मात्र कोराच होता. पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत.

"सर, सगळीकडे दिलंय की," मी एकदा म्हटलं. मी फोनवर बघून ठेवलं होतं. "सरकारच्या बाजूचे सदतीस, विरुद्ध अठ्ठावीस. सिनेटमध्ये अठरा आणि आठ."

"कुणी दिलंय?"

"इतिहासकारांनी."

"केव्हा?"

"नंतर."

"नंतर!" त्यांनी डब्याचं झाकण खाली ठेवलं. "ती माणसं तिथे आली तेव्हा पक्ष नव्हते. एका प्रश्नावर इकडे हात वर केला, दुसऱ्यावर तिकडे. मग कुणीतरी मागाहून बसून प्रत्येकाच्या छातीवर पाटी लावली. आपल्याकडे याला काय म्हणतात?"

"बॅकडेटिंग," मी म्हटलं. मागची तारीख घालून नोंद करणं. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. यासाठी नोकरी जाते.

"मग मी सही कशी करू?"

या वहीवरून एकदा मंडळात गंमत झाली. गणपतीच्या जेवणात नव्या अध्यक्षांनी सहज विचारलं, काय दातार, सध्या काय चाललंय? सर म्हणाले, "काँग्रेसवर काम करतोय." एकाने हळूच सांगितलं, सर, इथे राजकारण नको. दुसऱ्याने जाताना जास्तीचा मोदक वाढला आणि हात दाबून म्हणाला, बरं केलंत, कुणीतरी करायलाच हवं होतं. पुढच्या आठवड्यात सरांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं गेलं आणि दुसऱ्यात घातलं गेलं. त्यांना काही उमगेना. मी उलगडा केला तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले, आणि मग म्हणाले, "बघ, मलाही लावलाच की नाही पक्ष? विचारलं कुणी?"

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पुढे केतकी उभी राहिली.

केतकी त्यांची एकुलती मुलगी. आठ वर्षांची असताना इथे आली, आता शाळेत शिकवते. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. तिचं बोलणं मी सोयीसाठी बरंचसं मराठीतच लिहिते आहे. तिची आई, माधुरीवहिनी, गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. एका रविवारी मी पुरणपोळ्या घेऊन गेले होते. जेवताना केतकीने सांगितलं की तिला नगरपरिषदेची उमेदवारी मिळाली आहे.

"कुणी दिली?" सरांनी विचारलं.

"पार्टीने, बाबा."

सरांनी वाटी खाली ठेवली. "अपक्ष उभी राहा. माझं पहिलं मत तुला."

"तसं कुणी निवडून येत नाही."

"निवडून येण्याचं कुठे बोलतोय मी? उद्या एखाद्या प्रश्नावर त्यांचं म्हणणं एक आणि तुझं एक झालं, तर तू हात कुठे वर करणार?"

"ते तेव्हा बघेन. तुम्ही मला मत देणार की नाही, एवढं सांगा."

"पक्षाला नाही देणार."

"मी पक्ष नाही. आय'म केतकी."

"मतपत्रिकेवर तुझ्या फोटोशेजारी त्यांचं चिन्ह असणार."

ती उठली. दारापर्यंत गेली. मग वळून म्हणाली, "दे आर ऑल डेड, बाबा. तुमच्या वहीतले ते सगळे. मी इथे बसले होते."

त्या महिन्यात ती बॉयन नदीच्या पलीकडे मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला गेली. आठ महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलले ते माझ्यामार्फत. सर फाइल चाळता चाळता विचारायचे, तिचं काय चाललंय? ती मेसेज करायची, बाबा जेवतात ना नीट? मी दोघांची पोस्टमन झाले आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला. सरांना एकदा तोंडावर म्हटलं, "एका मताचा प्रश्न आहे, सर. देऊन टाका." ते म्हणाले, "एकच आहे ना माझ्याकडे. म्हणून तर." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि त्यांना रात्री एकट्याने जेवताना काय वाटत असेल हे मला कळत होतं. ते कसे सुकत गेले हे मी समोर बसून पाहिलं. स्वेटर खांद्यावरून उतरायला लागला होता.

निवडणूक जवळ आली तशी केतकीची पोस्टरं खांबांवर लागली. त्यातलं एक वाऱ्याने सुटून लोंबत होतं. एका सकाळी सर कामावर येताना गाडी थांबवून ते पुन्हा बांधताना मला दिसले. प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी घरून आणली होती. मी काच खाली केली तर म्हणाले, "कुणाच्या डोक्यात पडलं असतं." मी बरं म्हटलं आणि पुढे गेले.

शुक्रवारी मतदान झालं. इथे राहणारा प्रत्येक जण नगरपरिषदेसाठी मत देऊ शकतो, पासपोर्ट कुठलाही असो. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. सर सकाळी सातला जाऊन आले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी एका मोठ्या क्रीडागृहात मोजणी सुरू झाली. केतकीने मला प्रतिनिधी म्हणून नेलं होतं. कठड्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे. दुपारी शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढल्या. त्या निवडणूक अधिकारी एकेक करून सगळ्यांच्या प्रतिनिधींसमोर धरतात आणि निर्णय देतात. कुणी फुल्या मारल्या होत्या, कुणी दोन ठिकाणी एक घातला होता, एकाने सगळ्यांना मिशा काढल्या होत्या. लोक हसत होते. मग एक मतपत्रिका वर आली.

त्यावर एका अपक्षाच्या फोटोपुढे एक हा आकडा होता. त्या आकड्यावर आडवी रेघ. एकच, पट्टी लावून मारल्यासारखी. खालचा आकडा नीट वाचता येत होता. रेघेशेजारी बारीक अक्षरात एस डी, शुक्रवारची तारीख, ई ई. आणि खाली केतकीच्या फोटोपुढे, चौकटीच्या बरोबर मध्ये, पुन्हा एक हा आकडा.

अधिकारी बाई म्हणाल्या, मतदाराची ओळख पटेल असं काही पत्रिकेवर लिहिलेलं चालत नाही. ही आद्याक्षरं आहेत, हे मत बाद. कुणाची हरकत आहे का? इतर पक्षांच्या लोकांनी नाही म्हणून माना हलवल्या. मीही हरकत घेतली नाही. नियम बरोबर होता. मी त्या जागी असते तर मीही बादच केलं असतं.

केतकी माझ्या खांद्यामागे उभी होती. ते अक्षर ती आयुष्यभर किराण्याच्या याद्यांवर बघत आली होती.

"मावशी, ई ई म्हणजे काय?"

"एन्ट्री एरर. पहिल्यांदा लिहिलं ती चूक होती, असं."

तिने कठड्यावरचे हात काढले. मग म्हणाली, "मी चहा आणते," आणि गेली ती अर्ध्या तासाने रिकाम्या हातांनी परत आली. डोळे लाल होते. रविवारी ती पडली. बऱ्याच मतांनी पडली. त्या एका मताने काहीही झालं नसतं.

त्या संध्याकाळी ती नदी ओलांडून सरांच्या घरी गेली. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. सोमवारी सरांच्या डब्यात दोन दिवसांपूर्वीची भाजी नव्हती, ताजी कोशिंबीर होती, एवढं मी पाहिलं.

त्याच दिवशी ते प्रिंटरपाशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. कागद निघत होते आणि ते कागदांकडेच बघत होते.

"मृणाल, तू होतीस ना मोजणीला?"

"होते."

"एखाद्या मतपत्रिकेवर दुरुस्ती केलेली असली, तर चालते ना? म्हणजे रीतसर केलेली असली तर?"

अकरा वर्षांत मी खोट्या नोंदीवर एकदाही सही केलेली नाही. ते मला सरांनीच शिकवलं होतं.

"चालते की, सर," मी म्हटलं. "मोजतात."

"सही-तारीख असली म्हणजे झालं."

"हो."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि माझेही कागद उचलून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्या महिन्याअखेर ते निवृत्त झाले. केतकी घरी परत राहायला आली. ऑक्टोबरात एका सकाळी चहा घेताना सर खुर्चीतच गेले, हृदय थांबलं. मला तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात दुधासमोर उभी होते. फोन ठेवला, दूध घेतलं, ब्रेड घेतला, रांगेत उभी राहिले.

दहनानंतर बाहेरच्या बाकावर केतकी माझ्याजवळ येऊन बसली. लोक हात मिळवून इथल्या रीतीप्रमाणे 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणत पुढे जात होते. ते थांबल्यावर तिने विचारलं, "मावशी, बाबांनी तुला कधी त्या मताबद्दल विचारलं होतं?"

"विचारलं होतं. सोमवारी."

"तू काय सांगितलंस?"

"मोजलं म्हणून."

तिने मान हलवली. "मला रविवारी विचारलं होतं. मीही तेच सांगितलं."

म्हणजे त्यांनी दोन माणसांकडून खात्री करून घेतली होती, आणि दोघींचं उत्तर जुळलं होतं. अशी नोंद ते डोळे मिटून मंजूर करत. त्या बाकावर मी रडायला हवं होतं असं मला वाटतं. ती रडली.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते सप्टेंबरात. मी घरून काम करत होते आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. बाहेर बारीक पाऊस होता. आमच्या रस्त्याच्या टोकाकडून एक बुटका माणूस पावसाची टोपी ओढून घरोघर पत्रकं टाकत येत होता. जवळ आल्यावर ओळखलं. शाळेसमोरच्या फुटपाथसाठी केतकीने सभा बोलावली होती, त्याची पत्रकं; वर पक्षाचं ठळक चिन्ह होतं. सर प्रत्येक फाटक उघडत होते, पत्रक दाराच्या फटीत पूर्ण आत जाईपर्यंत ढकलत होते, आणि परत येताना फाटक लावून कडी बसली का ते बघत होते. समोरच्या घरातला कुत्रा भुंकला तर त्याला मराठीत काहीतरी समजावत होते. चेहरा खुशीत दिसला.

माझ्या दारातही एक पत्रक पडलं. खिडकी उघडून हाक मारली असती तर चहाला आत आले असते. मला म्यूट काढून काहीतरी उत्तर द्यायचं होतं. ते देऊन वर पाहिलं, तेव्हा सर पुढच्या घरी गेले होते.